पोटातल्या बँडची जबाबदारी कोणाची?

वजन घटवण्यासाठी जठराभोवती सिलिकोनचा बँड बसवून घेतलेल्या माणसाला पहिल्या वर्षी भेटेल तो विचारतो की किती किलो उतरले. पाचव्या, दहाव्या वर्षी त्याला कोणी काही विचारत नाही, आणि खरी विचारपूस व्हायला हवी असते ती त्याच काळात. आखातात नोकरीला असताना मी हा बँड बसवून घेतला आणि फोंड्याला परतल्यानंतरची सगळी वर्षे त्याच्यासह काढत आहे. माझी तक्रार बँडबद्दल नाही. त्याने माझा मधुमेह आटोक्यात आणला, गुडघे वाचवले, आणि निर्णय घेतला त्या दिवसातला माझा विचार मला आजही योग्य वाटतो. माझे म्हणणे इतकेच आहे की शरीरात कायमची वस्तू बसवणे ज्या आरोग्यव्यवस्थेला मान्य आहे, तिने त्या वस्तूची देखभाल करण्याची आणि वेळ आल्यास ती काढण्याची जबाबदारीही मान्य केली पाहिजे. मग ती वस्तू कोणत्या देशात, कोणत्या रुग्णालयात आणि कोणाच्या पैशाने बसवली गेली होती, हा प्रश्न दुय्यम आहे. गोव्यासारख्या, अर्धे गणगोत परदेशी असलेल्या राज्याला तर हे फार आधी सुचायला हवे होते.

ज्यांचा या शस्त्रक्रियेशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी तिचे स्वरूप थोडक्यात सांगतो. जठराच्या अगदी वरच्या भागाला एक पोकळ वलय घातले जाते, त्यामुळे वलयाच्या वर पंधरा ते तीस मिलिलिटर मावेल एवढी छोटी पिशवी तयार होते. अन्न त्या पिशवीतून अरुंद वाटेने हळूहळू खाली उतरते आणि थोड्याशा घासांवर पोट भरल्याची जाणीव होते. वलयापासून एक बारीक नळी निघते, ती पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या पोर्टला जोडलेली असते. त्या पोर्टमध्ये खास प्रकारच्या सुईने सलाइन भरले की बँड घट्ट होतो आणि काढून घेतले की सैल होतो. जठर कापले जात नाही, आतडी वळवली जात नाहीत, आणि बँड काढताही येतो. या तीन गोष्टींमुळे तो लोकप्रिय झाला. दुर्बिणीतून असा बँड पहिल्यांदा बसवला गेला १९९३ साली, बेल्जियममध्ये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००१ साली त्याला मान्यता दिली आणि पुढची दहा वर्षे तो जगभर बसवला गेला.

या वर्णनातच पुढच्या अडचणीचे मूळ आहे. सलाइन भरण्याची आणि काढण्याची सोय असलेली वस्तू म्हणजे वारंवार डॉक्टरकडे जावे लागेल अशी वस्तू. वजन उतरले की बँड सैल पडतो, सर्दी-पडशात किंवा मानसिक ताणात तो घट्ट झाल्यासारखा वाटतो, गरोदरपणात उलट्या वाढल्या तर तो सैल करावा लागतो, मोठ्या आजारपणात शरीराला अधिक अन्न हवे असते तेव्हाही सैल करावा लागतो. बँड बसवण्याची शस्त्रक्रिया तासाभरात आटोपते. त्याची देखभाल मात्र आयुष्यभर करावी लागते. विकताना मात्र ती तासाभराचीच वस्तू म्हणून विकली गेली. शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्ये पहिल्या वर्षाच्या तपासण्या धरलेल्या असत, त्यापुढचे काहीच नसे, आणि तेव्हा आम्हालाही त्यापुढचे दिसत नव्हते.

रोजचे जेवण हा बँडवाल्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा भाग आहे, आणि गोव्यात त्याचे स्वरूप वेगळे आहे. सकाळी पदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल दारात येते, आणि उंडा किंवा पोई ही नेमकी बँडमध्ये अडकणारी गोष्ट आहे. मऊ पाव लाळेत भिजून त्याचा गोळा होतो आणि तो अरुंद वाटेत बसतो. कडक भाजलेला पातळ तुकडा त्या मानाने सुखाने उतरतो. भाताचेही तसेच, विशेषतः चिकट शिजलेल्या. कोंबडीचे कोरडे मांस, शेंगांच्या शिरा, अननस, संत्र्याच्या फोडींची साले हे सगळे जपून. उलट हुमणातली मासळी, उकडलेली तिसरी (शिंपल्या), नीट शिजवून घोटलेले खतखते, पेज यांवर माणूस समाधानाने राहू शकतो. प्रथिने आधी खावी, घास नखाएवढा घ्यावा, पुष्कळ चावावा, दोन घासांच्या मध्ये थोडे थांबावे, जेवताना पाणी पिऊ नये, जेवणानंतरही अर्धा तास थांबावे, असा हा नियम आहे. नियम मोडला की छातीत दुखते, तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि ताटावरून उठावे लागते. ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांना ते समजावून सांगावे लागत नाही.

बँड भाकरी अडवतो, पण आइस्क्रीम अडवत नाही. खीर, पायस, शहाळ्याचे गोड सरबत, बिअर, चॉकलेट हे त्या अरुंद वाटेतून सहज घसरते. बँड फार घट्ट ठेवला की माणूस भाजी-मासळी सोडून नकळत या पातळ आणि गोड पदार्थांकडे वळतो, वजन पुन्हा चढते, डॉक्टर म्हणतात अजून थोडे घट्ट करू, आणि खाणे आणखी बिघडते. हा दोष केवळ रुग्णाच्या इच्छाशक्तीचा नाही. किती सलाइन असावे याचा अंदाज रुग्णाच्या ताटात काय असते हे विचारून करायचा असतो, आणि ते विचारायला त्या ताटाची ओळख असलेला आहारतज्ज्ञ लागतो. मला परदेशात मिळालेल्या आहाराच्या छापील कागदात दही, ओट्स आणि टर्की होते. पेजेचा त्यात उल्लेख नव्हता, आणि सोलकढी जेवणासोबत घ्यावी की नंतर, हे मला कोणी सांगू शकत नव्हते. गोव्यातल्या रुग्णासाठी गोव्याच्या स्वयंपाकातून तयार केलेला आहाराचा कागद ही फारशी खर्चाची गोष्ट नाही, पण ती कोणीतरी करायला हवी.

समाजाचा प्रश्न याहून अवघड आहे. चवथीला पानावर बसल्यावर आग्रह न करणे हे आपल्याकडे उणेपणाचे मानतात. यजमानीण नेवरी वाढते, आपण पान झाकतो, ती दुखावते, आणि कोणीतरी म्हणतो की ऑपरेशन करून घेतले आहे ना, आता कशाला खाईल. बँडवाल्यांपैकी बरेच जण शस्त्रक्रिया झाल्याचे लपवतात, कारण ती सोपी पळवाट समजली जाते. लपवण्याचा परिणाम असा होतो की त्रास सुरू झाल्यावरही ते कोणाला सांगत नाहीत. आम्लपित्त वाढले म्हणून फार्मसीतून गोळ्या आणतात, रात्री आडवे झाल्यावर खोकला येतो म्हणून खोकल्याचे औषध घेतात, आणि बँड फार घट्ट झाल्याची किंवा सरकल्याची ही लक्षणे असू शकतात हे त्यांच्या कुटुंबाच्या डॉक्टरलाही कळत नाही, कारण पोटात बँड आहे हेच त्याला ठाऊक नसते. अंगदुखीची आयबुप्रोफेनसारखी गोळी जठराला अपाय करू शकते आणि बँडवाल्याने ती टाळावी, हेही मग त्याला सांगायचे राहून जाते.

त्रास वाढला की रुग्ण रात्री-बेरात्री जवळच्या आकस्मिक विभागात पोचतो. तिथला तरुण डॉक्टर हुशार असतो, मेहनती असतो, पण त्याने बँड कदाचित कधी पाहिलेला नसतो. अशा वेळी पहिली गोष्ट करायची असते ती पोर्टमधून सलाइन काढून बँड पूर्ण सैल करण्याची. त्यासाठी लागणारी सुई फार महाग नसते. ती हाताशी आहे की नाही आणि कोणाला वापरता येते, एवढाच प्रश्न असतो. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. कित्येक दिवस उलट्या होत असलेल्या माणसाच्या शरीरातला थायमिनचा, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचा, साठा काही आठवड्यांतच संपतो, आणि त्याला थायमिन न देता नुसते ग्लुकोजचे सलाइन लावले तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. थायमिनचे इंजेक्शन स्वस्त आहे. ही माहिती आकस्मिक विभागाच्या भिंतीवर एका पानात मावेल. गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय), म्हापशाचे आझिलो रुग्णालय आणि मडगावचे जिल्हा रुग्णालय, या तीन ठिकाणी ते पान आणि ती सुई असावी, एवढी साधी मागणी घेऊन मी हा लेख लिहायला बसलो होतो. लिहिता लिहिता मागणी वाढली आहे, आणि ती वाढणे योग्यच आहे असे मला वाटते.

कारण बँड आता मागे पडला आहे. अमेरिकेत २०११ साली वजन घटवण्याच्या एकूण शस्त्रक्रियांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक बँडच्या होत्या; २०१९ पर्यंत हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास घसरले. जठराचा मोठा भाग कापून काढणारी स्लीव्ह शस्त्रक्रिया पुढे आली, कारण तिच्यात वजन अधिक उतरते आणि आत काही वस्तू राहत नाही. बँडचे दीर्घकालीन हिशेबही तोवर समोर आले होते. अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी विम्याखाली २००६ ते २०१३ या काळात बँड बसवलेल्या पंचवीस हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. सरासरी साडेचार वर्षांत त्यांतल्या १८.५ टक्के रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले होते, आणि बँडवर विम्याने केलेल्या खर्चापैकी जवळजवळ निम्मा या पुनर्शस्त्रक्रियांवर गेला होता. बँड सरकतो, वरची पिशवी फुगते, नळी तुटते, पोर्ट उलटतो, क्वचित वलय जठराची भिंत पोखरून आत शिरते.

या आकड्यांवरून शल्यचिकित्सकांनी बँड बसवणे थांबवले, हे बरोबरच केले. पण बँड बसवणे थांबले म्हणून बसवलेले बँड नाहीसे होत नाहीत. नव्या पिढीचे शल्यचिकित्सक स्लीव्ह आणि जठर-आतड्याची वाट वळवणारी बायपास शिकतात. बँडमध्ये सलाइन किती भरावे हे शिकण्याचे त्यांना कारण उरलेले नाही. ज्या काळात बँड जुने होऊन बिघडू लागतात, नेमक्या त्याच काळात ते ओळखणारे हात कमी होत आहेत. परतल्यानंतर माझ्या बँडमधले सलाइन कमी करून घेण्यासाठी मला गोव्याबाहेर जावे लागले, आणि तिथल्या पहिल्या रुग्णालयाने आपण बसवलेला बँड नाही म्हणून हात लावायला नकार दिला. मी त्यांना दोष देत नाही. बँड कोणत्या बनावटीचा, त्यात किती सलाइन मावते, सध्या किती आहे, याची नोंद माझ्याकडे अर्धवट होती, आणि दुसऱ्याच्या कामाची जोखीम घेण्याची सक्ती त्यांच्यावर कोणी केलेली नव्हती. दोष व्यवस्थेचा आहे. जे कोणाचेच रुग्ण नाहीत, अशा रुग्णांचा विचार आपल्या व्यवस्थेने केलेला नाही.

गोव्यात असे लोक का असतील, हे गोवेकराला सांगायला नको. आखातातल्या नोकऱ्या, जहाजांवरच्या नोकऱ्या, पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनला गेलेली कुटुंबे, आणि निवृत्तीनंतर घरी परतण्याची ओढ. माणूस परततो तेव्हा त्याच्याबरोबर त्याचे शरीर आणि त्या शरीरावर तिकडे झालेले उपचारही परततात. ब्रिटनमध्ये आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर किमान दोन वर्षे त्या विभागाकडूनच देखरेख आणि पुढे वर्षातून किमान एकदा तपासणी, असे सांगून ठेवले आहे. स्विंडनमध्ये राहणाऱ्या गोवेकराला हे लागू आहे. तोच गोवेकर डिचोलीला परतला की त्याची ती वार्षिक तपासणी कुठे होणार?

माझा प्रस्ताव असा आहे. गोमेकॉमध्ये महिन्यातून एक ठरलेला दिवस वजनाच्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांसाठी असावा. बँडवाले त्यात थोडे असतील, स्लीव्ह आणि बायपासवाले अधिक असतील. त्यांनाही लोह, ब-१२, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची देखरेख जन्मभर लागते आणि त्यांच्यातलेही बरेच जण दोन-तीन वर्षांनी तपासण्या सोडून देतात. तिथे एक शल्यचिकित्सक, एक आहारतज्ज्ञ आणि क्ष-किरणाखाली बेरियम गिळवून बँडची जागा पाहण्याची सोय असावी. गोमेकॉची परंपरा १८४२ साली स्थापन झालेल्या एस्कोला मेदिका या पोर्तुगीजकालीन वैद्यकीय शाळेपर्यंत जाते. एवढ्या जुन्या संस्थेला महिन्याचा एक दिवस जड जाऊ नये. दुसरे, प्रत्येक बँडवाल्याच्या हातात एक कार्ड असावे: बनावट, क्रमांक, क्षमता, शेवटचे भरलेले सलाइन आणि तारीख. तिसरे, या कार्डांची प्रत राज्याच्या नोंदवहीत असावी.

नोंदवहीचे महत्त्व आपण एकदा मोठी किंमत मोजून शिकलो आहोत. खुब्याच्या सांध्याचे एक धातूचे रोपण २०१० साली जगभरातून परत मागवले गेले. भारतात ते सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांमध्ये वापरले गेले होते, आणि पुढे सरकारच्या समितीने चौकशी केली तेव्हा हजाराच्या आसपास रुग्णांचाच माग लागलेला होता. वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद घेण्यासाठी देशात २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू आहे. पण त्यात नोंद होते ती अपाय झाल्यावर, आणि तीही कोणी कळवला तर. कोणाच्या शरीरात काय आहे, हे आधीच माहीत असणे ही वेगळी गोष्ट आहे. गोवा लहान आहे. मोठ्या राज्यांना जे अशक्य वाटते, ते इथे करून दाखवता येईल.

यावर एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो घेणारे लोक वाईट नाहीत, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. आक्षेप असा की ज्याने खाऊन वजन वाढवले आणि पैसे खर्चून ते उतरवले, त्याच्या पुढच्या त्रासावर करदात्यांचा पैसा का घालवावा? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक आढळले ते गोव्यात: २६.४ टक्के, देशाचे ११.४ टक्के असताना. एखाद्या राज्यातल्या प्रौढांपैकी दर चौथ्या माणसाला जो आजार होतो, तो त्या सगळ्यांच्या स्वभावदोषाने होत नाही. शेते ओस पडली, चालणे संपले, कामाचे स्वरूप बदलले, पाकिटातले खाणे प्रत्येक गाड्यावर आले, आणि शरीराने त्याचा परिणाम दाखवला. शिवाय लठ्ठपणात अनुवंशाचा वाटा किती मोठा असतो हे वैद्यकशास्त्राला आज चांगले माहीत आहे. सिगारेट ओढणाऱ्याच्या हृदयावर आपण सरकारी रुग्णालयात उपचार करतो, हेल्मेट न घातलेल्याच्या डोक्यावर करतो, आणि ते करायलाच हवेत. मग इथेच हा हिशेब का? केवळ पैशाचा विचार केला तरी, वेळेवर सैल केलेल्या बँडचा खर्च सुईपुरता असतो. न सोडवलेल्या आणि सरकलेल्या बँडचा खर्च अतिदक्षता विभागाचा असतो, आणि तो शेवटी गोमेकॉवरच पडतो.

दुसरा आक्षेप असा की वजनाची इंजेक्शने आता भारतात मिळू लागली आहेत, २०२५ साली तिर्झेपाटाइड आले, सेमाग्लुटाइड आले, तेव्हा शस्त्रक्रियांचा काळच सरत चालला आहे. मला त्यात उलटच धडा दिसतो. इंजेक्शन थांबवले की वजन बहुतेकांचे परत चढते, म्हणजे तोही दीर्घकाळचा उपचार आहे, आणि त्याचीही विक्री सुरुवातीच्या किलोंवरच होते आहे. बँडवाल्यांची देखभाल कशी करायची हे आज ठरवले नाही, तर दहा वर्षांनी इंजेक्शनवाल्यांसाठी हेच लिहावे लागेल.

राहिला पैशाचा, म्हणजे विम्याचा मुद्दा, आणि तिथे एक अन्याय आहे ज्याकडे विमा नियामकाने तातडीने पाहावे. आरोग्य विम्यात लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेला संरक्षण मिळण्यासाठी नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) ४० किंवा त्याहून अधिक असावा लागतो, किंवा ३५ असून सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडखळणे), आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा आजार असावा लागतो. भारतीय शरीराला कमी वजनावरच हे आजार होतात, म्हणून आशियाई लोकांसाठी मर्यादा खाली आणावी असे या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ साली सांगितले आहे. तो बदल अटीत यायला हवा. पण बँडवाल्याची अडचण त्याहून विचित्र आहे. समजा त्याचे वजन उतरून बीएमआय २९ झाला आणि मग बँड जठराच्या भिंतीत रुतू लागला. तो काढावाच लागतो, आणि काढल्यावर वजन पुन्हा चढण्याची शक्यता मोठी असते, म्हणून योग्य काळ मध्ये जाऊ देऊन स्लीव्ह किंवा बायपास सुचवला जातो. या दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी अटीतल्या आकड्यावर बोट ठेवले, तर तो अपात्र ठरतो. पात्र होण्यासाठी त्याने आधी पुन्हा आजारी आणि लठ्ठ व्हावे, असा त्याचा अर्थ होतो. म्हणून अटीत दोन वाक्ये स्पष्ट शब्दांत हवीत: बँडमधला बिघाड दुरुस्त करणे आणि बँड काढणे हा लठ्ठपणाचा नव्हे तर गुंतागुंतीचा उपचार मानावा, आणि त्यानंतरच्या शस्त्रक्रियेसाठी पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वीचा बीएमआय ग्राह्य धरावा. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेत ठरावीक उपचारांची यादी आहे. बँड सैल करणे आणि काढणे या दोन नोंदी त्या यादीत स्वतंत्रपणे आणि नावानिशी असाव्यात, म्हणजे काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला अर्थ लावत बसावे लागणार नाही. नियामकाचा निर्णय दिल्ली-हैदराबादला व्हायचा आहे, पण यादीतल्या दोन नोंदी, भिंतीवरचे पान, सुई आणि महिन्याचा एक दिवस हे सारे पणजीतच ठरू शकते.